अज्ञात दाता

यंदाही ऊसतोड सुरू झाली. सकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेलो तर पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे बारीक कण. बोटाने पुसायला जावं तर काळी रेघ उमटते, म्हणून नुसती फुंकर मारायची, हे आमच्या मांडवगणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारखाने पेटले. रस्त्याला ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या लागल्या. वाऱ्यावर मळीचा वास आला. गोडसर, आणि त्या गोडाखाली काहीतरी आंबल्यासारखं. बाहेरगावचा माणूस नाक दाबतो. मी दरवर्षी तो वास छातीभर घेतो. उजव्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, जिथे ती आहे, तिथे आपोआप हात जातो.

ती म्हणजे किडनी. आठ वर्षांपूर्वी अशाच हंगामात ती माझ्या पोटात बसवली. तेव्हापासून ती चालू आहे, मी चालू आहे, हायस्कुलात मराठी शिकवतो आहे. ती माझ्या थोरल्या बहिणीची. बहिणीचं नाव सुभद्रा, मी आक्का म्हणतो. पाटसजवळ दिलेली. किडनी तिची, हे वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली. वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक मला ओळखत असतील, आणि त्यांना मी आजवर वेगळंच सांगत आलो आहे.

पुण्याला ज्या दवाखान्यात माझी तपासणी असते तिथे एक समुपदेशक बाई बसतात. मागच्या वर्षी माझं ब्लडप्रेशर चढायला लागलं, झोप उडाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठवलं. बाईंनी एक वही ठेवायला सांगितली. "सर, रोज तीन गोष्टी लिहायच्या. आज कुणामुळे, कशामुळे बरं वाटलं. गोळी घेता ना, तसं. न चुकता."

मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच. पण 'सर्वांचे आभार' असलं चालणार नाही. नाव लिहायचं. आणि कशाबद्दल, तेही लिहायचं."

खोटं कशाला बोलू, गुण आला. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं : पोटभर पाणी प्यालो. लघवी साफ झाली. वंदनाने गरम भाकरी वाढली. वंदना म्हणजे माझी बायको. तिने वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. हसण्यासारखंच आहे. पण जो माणूस दीड वर्ष दिवसाला चार पेले पाण्यावर राहिलाय, त्याला विचारा. धोतराच्या सोग्याने कपाळ पुसत समोरचा म्हातारा तांब्या तोंडाला लावतो आणि त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होते, ती ज्याने बसच्या खिडकीतून टक लावून बघितलीय, त्याला विचारा. मी लिहीत गेलो. मास्तर आहे, लिहायचा कंटाळा नाही. दोनतीन महिन्यांत झोप परत आली. ब्लडप्रेशर उतरलं. चिडचिड कमी झाल्याचं वर्गातल्या पोरांनीसुद्धा ओळखलं. "सर हल्ली मारत न्हाईत," असं एकाने घरी सांगितल्याचं त्याच्या आईनेच मला सांगितलं.

या दिवाळीआधी वही भरत आली. सहज पानं चाळली. वंदनाचं नाव होतं, मुलीचं होतं, दूध घालणाऱ्याचं होतं, भर पावसात दुकान उघडून गोळ्या देणाऱ्या मेडिकलवाल्याचं होतं. आक्काचं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. एकदाही नव्हतं.

तोडीच्या दिवसांत आमच्याकडे कुणी उसाच्या कडेने एकटं चालत नाही. शाळेच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं : अमक्या मळ्यात बिबट्या दिसलाय, तमक्याचं वासरू नेलं, पोरांना एकटं सोडू नका. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं, आता येत नाही. वर्षभर बिबट्या त्याच उसात असतो. तिथेच त्याची मादी विते, तिथेच पिलं वाढवते, आणि आपण बांधावर बसून शेंगा खात असतो. फड तुटत आला की दिसतो. मधे उरलेला उसाचा पट्टा रोज अरुंद होत जातो, आणि तोडणाऱ्यांच्या कोयत्यांचा आवाजही हळू होत जातो.

माझी या पंचक्रोशीत एक ओळख आहे. आभारप्रदर्शन माझ्यासारखं कुणाला जमत नाही. ग्रामपंचायतीचा कार्यक्रम असो, सोसायटीचा असो, कुणाचा सेवापूर्तीचा असो, शेवटचं नाव माझं. मी मंडपवाल्याला विसरत नाही, साउंडवाल्याला विसरत नाही, पाण्याचे जार पाठवणाऱ्याला विसरत नाही. अध्यक्षांच्या गाडीच्या ड्रायव्हरचे आभार मानणारा मीच पहिला. आमच्या शाळेतले एक सहकारी म्हणायचे, "सर, तुम्ही गेल्यावर तुमच्या शोकसभेत आभार कोण मानणार?" मी म्हणायचो, "शोकसभेला आभार नसतात. त्यामुळे अडचण नाही." लोक हसायचे.

किडन्या गेल्या तेव्हा मी बेचाळीसचा. आठवड्यातून तीनदा शिरूरला डायलिसिस. सकाळच्या एसटीने जायचं, चार तास पडून राहायचं, संध्याकाळी पिळून काढलेल्या चिपाडासारखं परत यायचं. वंदनाची किडनी जुळेना, तिला साखर. आई तेव्हाच थकलेली. नात्यातले लोक भेटायला यायचे, सफरचंदं आणायचे. मला सफरचंद चालायचं, केळं चालायचं नाही, नारळपाणी तर विषच. हे प्रत्येकाला समजावून सांगता सांगता जीव जायचा. मग किडनी देण्याचा विषय निघालाच तर सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

आक्का एके दिवशी हातात कापडी पिशवी घेऊन आली ती थेट स्वयंपाकघरात. वंदनाला म्हणाली, "माझा रक्तगट ह्यो लिहून आणलाय दवाखान्यातनं. बघ बरं, चालतोय का."

मी बाहेरच्या खोलीत होतो. ऐकलं. जागचा उठलो नाही.

वंदना म्हणाली, "आक्का, दाजींना विचारलंत का?"

"इचारलं. दोन दिस बोललं न्हाईत. काल म्हणलं, दे."

दाजी म्हणजे आक्काचे यजमान, कारखान्यावर हंगामी कामाला. भला माणूस. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी एकच अट घातली. "सर, देतीया तर देऊ द्या. पन गावात बोलू नका. पोरगी लग्नाची हाय. उद्या सोयरं म्हनतील, आईच अर्धी हाय."

मी मान डोलावली. ही अट पाळायला मला काहीच जड गेलं नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ऑपरेशननंतरचं मला आठवतं ते असं : नर्स लघवीची पिशवी उचलून दाखवतेय, "सर, बघा, भरली पण!" आणि वॉर्डातले सगळे पोरगं झाल्यासारखे हसतायत. मला तर पहिल्याच दिवशी अंगातलं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. आक्का पलीकडच्या खोलीत. देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं, हे तेव्हा कळलं. खोकला आला की ती पोटाशी उशी घट्ट धरायची. वंदनाने सांगितलं की शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं नाही. आधी विचारलं, "झाली का गं त्याला लघवी?"

हे मी वहीत लिहायला हवं होतं. पहिल्या पानावर.

पुढच्या हंगामात भाचीचं लग्न झालं. चांगलं झालं. म्हणजे दाजींची अट संपली. त्यानंतर महिन्याभरात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि त्यात माझा सत्कार ठेवलेला. मुख्याध्यापक म्हणाले, "सत्कार तुमचा, पण आभार तुम्हीच माना. दुसऱ्याला जमायचं नाही." आक्का मुद्दाम आली होती. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, मी भाऊबीजेला घेतलेली मोतिया रंगाची साडी नेसून.

मी उभा राहिलो. मंडप, साउंड, जार, ड्रायव्हर. डॉक्टर, नर्स, संस्था, सहकारी. आणि मग तिच्याकडे नजर गेली. ती जरा सावरून बसली. पदर नीट केला. मला तिथे, त्या माईकसमोर, काय झालं ते आज नीट सांगतो. भाऊ बहिणीला देतो, बहीण ओवाळते, ही आमची रीत. माझ्या बहिणीने मला एवढं दिलंय की मी जन्मभर तिच्या ताटात काही घातलं तरी ते हसं होणार. हे सगळ्या गावासमोर मान्य करायचं मला जमेना. जमेना म्हणजे लाज वाटली. मी म्हणालो, "आणि ज्या अज्ञात दात्यामुळे मी आज आपल्यासमोर उभा आहे, त्या पुण्यात्म्यापुढे मी नतमस्तक आहे."

पुण्यात्मा हा शब्द तोंडात बसलेला होता, तो निघून गेला. सगळ्यांना वाटलं, कुणीतरी अपघातात गेलेला असणार. मुख्याध्यापक हळव्या मनाचे; ते पुढे आले, माईक घेतला आणि म्हणाले, "आपण सर्वांनी उभं राहून त्या दात्याला दोन मिनिटं श्रद्धांजली वाहू या."

पोरं उठली, पालक उठले, खुर्च्या वाजल्या. आक्कासुद्धा उठली. हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली. तिच्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी व्यासपीठावरून पाहत होतो. दोन मिनिटं केवढी असतात!

नंतर चहाच्या वेळी ती जवळ आली. मी जमिनीकडे बघत होतो.

"आवाज चांगला लागला रं तुझा," ती म्हणाली. मग कपात बघत म्हणाली, "आपल्याच नावानं हुबं ऱ्हायला मिळतंय व्हय कुनाला? नशीब लागतं." आणि खुदकन हसली. मीही हसलो. तेवढ्यावर ते मिटलं असं मी धरलं.

त्या दिवसापासून ती मेलेलीच आहे आमच्या गावात. कुणी विचारलं तर मी म्हणतो, पुण्याचा कुणीतरी होता. आणि एकदा एखादी गोष्ट बोलायची नाही असं ठरलं, की तिच्या आजूबाजूचंही बोलता येत नाही. मी दर महिन्याला रक्त तपासून येतो. किडनी देणाऱ्यानेही वर्षातून एकदा तपासायचं असतं, हे मला सांगितलेलं होतं. कागदावर लिहूनही दिलेलं होतं. पहिली दोन वर्षं वंदनाने आक्काला नेलं. मग कापणी, मग भाचीचं बाळंतपण, मग दाजींचा पाय मोडला. मी आठवण केली नाही. फोनवर विचारायचो, "कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी हाय." मी 'बरं' म्हणायचो.

आता जे सांगायचं ते याहून वाईट आहे.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे. कुठल्या गोळ्या किडनीला चालत नाहीत त्याची. गुडघेदुखीच्या, अंगदुखीच्या बऱ्याचशा त्यात आहेत. ती मला पाढ्यांसारखी पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आक्काकडे गेलो होतो. भाचीचे सासू-सासरेही आलेले. ओवाळून झालं. आक्का उठताना जमिनीला हात टेकून उठली, फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक तोंडात टाकली, वर पाणी.

विहीणबाईंनी विचारलं, "कशाची हो?"

"गुडघ्याची. चौकातला मेडिकलवाला देतोय. लई भारी हाय. घेतली की पळतीय मी."

पट्टी माझ्यासमोर, ताटाशेजारी पडली होती. मी नाव वाचलं. यादीतलं दुसरं.

मी तोंड उघडलं. सांगायचं तर, का नको, हे सांगावं लागणार. एकच किडनी आहे, हे सांगावं लागणार. ती कुठे गेली, हेही. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. "काय सर?"

मी म्हणालो, "करंजी छान झालीय."

घरी जाऊन फोन करू, असं मनाशी म्हटलं. केला नाही. आठवडा गेला, मग इतके दिवस गेल्यावर सांगायला कसंतरी वाटायला लागलं. गेल्या भाऊबीजेलाही पट्टी तिथेच, फडताळात होती. मी त्या बाजूला पाहिलंच नाही. त्या रात्री घरी येऊन वहीत लिहिलं : आक्काकडचं जेवण गोड लागलं. म्हणजे नाव आलं होतं की काय वहीत? परवा ते पान शोधून काढलं. 'बहिणीकडचं' असं लिहिलेलं आहे.

यंदा दिवाळी सरली आणि भाच्याचा फोन आला. "मामा, आईच्या पायाला सूज हाय. चेहराबी सुजल्यावानी वाटतोय सकाळचा. रक्त तपासलं. क्रिएटिनिन अडीच आलंय. ह्ये जास्त अस्तंय का?"

किडनी नीट असली तर हा आकडा एकच्या आसपास असतो, हे मला ठाऊक होतं. "आईला सांगितलंस?"

"न्हाई. घाबरल म्हनून. तुम्ही या, मग बघू."

"नको सांगू," मी म्हणालो. सवयीने.

दौंडला किडनीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. भाच्याने आम्हाला दाराशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर दवाखाना. जिना चढताना आक्का तीनदा थांबली. बाकावर बसलो. खालून स्टेशनातल्या घोषणा ऐकू येत होत्या, कुठली तरी गाडी उशिरा धावत होती. समोर एक माणूस बसलेला, दंडावर डायलिसिसच्या जागी फुगलेली शीर. आक्का त्या शिरेकडे बघत होती. मी तिच्या हातांकडे. बोटं एवढी सुजली होती की अंगठी मांसात रुतलेली.

वाटलं, आता तरी. वहीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, नाव घ्यायचं, कशाबद्दल ते सांगायचं.

"आक्का," मी म्हणालो, "तू माझ्यासाठी एवढं केलंस. मी कधी तुझे आभार मानले नाहीत. ते मानायचे होते."

तिने झटकन मान वळवली. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. तिथे भीती होती.

"काय म्हनाला डॉक्टर तुला?"

"कुणी काही नाही म्हणालं."

"बापू, खरं सांग. आमचा पोरगा फोनवर काय बोललाय? किती दिस हायेत?"

"अगं, तसं नाही काही."

"मग आभार कशाला मानतुयास?" तिचा आवाज फाटला. समोरच्या माणसाने मान खाली घातली. "कवा एक शब्द न्हाई काढला. आन् आज हितं आणून आभार मानतोय. येडी समजतुय व्हय मला?"

जे एवढी वर्षं म्हटलं नव्हतं, ते म्हटलं आणि तिने बरोबर ओळखलं की ते चुकीच्या वेळी म्हटलंय. आता तिला एकच गोष्ट सांगायची राहिली होती. डॉक्टर सांगतीलच, असं म्हणून मी सुटलो असतो.

"रिपोर्ट चांगला नाही," मी म्हणालो. "तुझी किडनी कमी काम करतेय. निम्म्याहून कमी. लगेच काही होत नाही. पण चांगलं नाही."

"कशानं?"

"वयाने असेल. प्रेशर असेल. पण त्या गुडघ्याच्या गोळ्या… त्या एका किडनीवर घ्यायच्या नसतात. मला माहीत होतं, आक्का. दोन वर्षांपासून. मी तुझ्या घरी पट्टी पाहिली होती. बोललो नाही."

तिने पर्स उघडली. चाचपून पट्टी काढली, माझ्यापुढे धरली. "हीच का?"

मी चष्मा लावला. लावायची गरज नव्हती. "हीच."

तिने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. चिडेल, ओरडेल, म्हणून मी वाट पाहत होतो. तेवढं तरी मला मिळावं असं वाटत होतं. पण ती अपराध्यासारखी, हळू आवाजात म्हणाली, "लई दुखायचं रं. म्हनून घ्यायचे."

आतून तिचं नाव पुकारलं. मी फाईल घेऊन उठलो. तिने माझ्या हातातून फाईल काढून घेतली.

"तू बस हितंच."

भिंतीला धरत ती एकटी आत गेली. दार पुरतं लागलं नाही. डॉक्टरांचा आवाज आला, "मावशी, एकट्याच? सोबत कुणी आलंय का?"

"भाऊ आलाय."

"मग बोलवा की त्यांना आत."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि आक्काचा.

"नगं. जे हाय ते आधी मला सांगा."